अर्धलीच्या शेळीचा खुराक

नोकरीतून सुटल्यावर लोक विचारतात, तुम्ही नेमकं काय करत होता? पशुधन पर्यवेक्षक, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : म्हणजे गायी-म्हशींच्या डॉक्टर का? मी सांगते, डॉक्टर नाही, त्यांच्या हाताखालची. आणि गायी-म्हशी कमी, शेळ्याच जास्त. यावर 'अच्छा' म्हणून माणूस विषय बदलतो. शेळीत कोणाला रस नसतो. मटणात असतो.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत माझी सगळी नोकरी गेली. पहिल्या दवाखान्यात बाई म्हणून मी एकटीच होते. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी सरळ वाटणी केली : बैल आणि म्हशी गड्यांच्या, म्हणून त्या कंपाउंडरकडे, शेळ्या बायांच्या, म्हणून त्या बाईकडे. मला तेव्हा याचा फार राग आला होता. पण वाटणी काही खोटी नव्हती. आमच्याकडे बैलाचं दुखणं घरधनी सांगतो, म्हशीचं त्याची आई सांगते, आणि शेळीचं दुखणं जिनं सांगायचं ती बाई पुरुष डॉक्टरसमोर पदर तोंडात धरून उभी राहते. माझ्यासमोर मात्र ती घडाघडा बोलायची. त्या बोलण्यावरच मी नोकरी काढली म्हणा ना.

काम एका वाक्यात सांगायचं तर, 'गाभण शेळीला खाऊ घाला' असं सांगत गावोगाव फिरणं. वाचणाऱ्याला वाटेल, हे काय सांगायला हवं? तर हवं. शेळी पाच महिने गाभण असते. पहिले तीन-साडेतीन महिने पिल्लू असून नसल्यासारखं, आणि सगळी वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत. पोटातली पिल्लं मोठी झाली की आईच्या पोटात चाऱ्याला जागा कमी, आणि गरज मात्र वाढलेली. त्यातून आपला कोरडा मुलूख. बांधावरचं गवत दिवाळीलाच संपतं, पिकात शेळीला पाय टाकू देत नाहीत. ती दिवसभर चार कोस हिंडते आणि येताना वाळका पाला आणि धूळ पोटात घेऊन येते. अशा वेळी मूठ-दोन मुठी कसदार खाणं रोज मिळालं पाहिजे : मक्याचा भरडा, तुरीची चुणी, थोडी सरकी पेंड, मीठ, आणि दवाखान्यातून मिळते ती क्षारांची पावडर. बाभळीच्या शेंगा तर फुकटच्या. एवढंच माझं शास्त्र. यावर बायांचं उत्तर ठरलेलं असे, "दुधाची असती तं घातलं असतं की बाई. गाभनीला काय?" जी देते तिला पेंड आणि जी पोटात वाढवते तिला काठी, ही आपली जुनी रीत आहे. ती शेळीपुरतीच आहे असंही नाही.

अर्धापूरला असताना एका केळीवाल्या आजोबांशी गाठ पडली. त्यांच्या शेळ्यांना केळीच्या बुंध्याचे तुकडे हवे तेवढे. पोटं टम्म, आणि पिल्लं जन्मायची ती उंदरासारखी. आजोबा म्हणायचे, पोट तर भरलंय. मी म्हणायचे, पाण्यानं भरलंय. शेवटी चुणी घालायला तयार झाले, पण शेळीपुढं ठेवण्याआधी रोज चिमूटभर स्वतः चाखायचे. एकदा मला अडवून सांगितलं की यंदाच्या मिश्रणात मीठ कमी आहे. आमच्या साहेबांना हे सांगितलं तर ते आठवडाभर हसत होते. पण आजोबांच्या शेळीला पुढच्या वेताला दोन खणखणीत बोकडं झाली आणि आजोबांनी मला केळीचा अख्खा घड पाठवला.

आता ज्या शेळीसाठी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते. ती निलंग्याच्या पुढच्या, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत, कारण तिथं दिवाळी अंक येतात आणि वाचले जातात.

त्या गावात अर्धलीची रीत होती. अजूनही आहे. शेळी एकीच्या मालकीची, राखायची दुसरीनं. दूध राखणारीचं आणि पिल्लं निम्मी निम्मी. ऐकायला सोपं आहे. पण दोन पिल्लं झाली की पहिली निवड मालकिणीची. आणि अर्धपोटी शेळीची दोन पिल्लं कधी सारखी नसतात. एक बरं असतं, दुसरं मरतुकडं. बरं मालकिणीकडे जातं. मरतुकडं राखणारीच्या पदरात पडतं आणि महिन्याच्या आत मरतं. जगलंच तर तो बोकड असतो आणि घरात काही अडलं की बाजारात जातो. शिवाय राखणारीच्या दारात शेळी मेली, तर तिनं मालकिणीची दुसरी शेळी राखायची आणि तिच्या पहिल्या वेताचा वाटा सोडून द्यायचा.

पंचफुला अशी राखणारी. बौद्धवाड्यात विहाराच्या मागं तिचं घर. नवरा-बायको दोघंही मजुरीवर. शेळी राखण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, पण इतकी वर्षं राखून तिची स्वतःची म्हणावी अशी एक शेळी नव्हती. पहिल्या भेटीतच तिनं मला ते सांगितलं. रडून नाही, पावसाची बातमी सांगावी तसं.

"खुटा मव्हा, दावं मव्हं. शेळी मातर दुसऱ्याची. एक पाट राहावी मव्ह्या दारात, बास."

पाट म्हणजे मादी पिल्लू. माझ्या आईनंही अर्धलीच्या शेळ्या राखल्या होत्या. त्यामुळे ऐकताना मला नवल वाटलं नाही, चीड मात्र आली.

शेळीची मालकीण म्हणजे शांताकाकू. घरची जमीन, दोन मुलं, दोन सुना, आणि सगळ्यांना पुरून उरेल अशी जीभ. बाई वाईट नव्हत्या. हाताला सढळ होत्या, पण सढळपणा कुठं करायचा हे त्यांनीच ठरवायचं. त्यांची शेळी काळीभोर, कानावर पांढरे ठिपके आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव चांदणी. त्या साली परतीचा पाऊस आलाच नव्हता. ज्वारी गुडघ्याएवढीच राहून सुकायला लागली होती. मी गेले तेव्हा चांदणीला साडेतीन महिने होऊन गेले होते. पाठीवरून हात फिरवला तर मणके बोटांना लागत होते आणि पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. आत दोन पिल्लं होती, यात मला शंका नव्हती. असंच राहिलं तर दोन्ही मरतुकडी होणार, यातही नव्हती.

पंचफुलाला म्हटलं, रोज मूठभर खुराक सुरू कर. ती म्हणाली, "मी कामून घालू बाई? चांगलं पिल्लू तं त्यांचंच."

बोलणं बरोबर होतं. मी शांताकाकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, मी का घालू, शेळी तिच्या दारात, दूध ती पिणार. हेही बरोबर होतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो मी त्या दिवशी चार पायांवर उभा पाहिला. त्यात काकूंचं आणखी एक म्हणणं होतं, आणि ते मी नोकरीभर ऐकत आले : गाभणीला खाऊ घातलं की पिल्लू मोठं होतं आणि अडतं. मी समजावलं की आईच्या अंगात कळा द्यायची ताकद नसली की लहान पिल्लूसुद्धा अडतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"अन् अडलीच तं? तुमी येनार का?"

"येईन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघींना मी काकूंच्या अंगणात समोरासमोर आणलं. तू घाल, तुम्ही घाला, असं बराच वेळ चाललं. माझा स्वभाव काही फार थंड नाही. शेवटी मी म्हटलं, "मग आत्ताच ठरवून टाका, मेल्यावर कातडं कोण नेणार ते." तेव्हा कुठं तोडगा निघाला. खुराकाचा माल काकूंचा. चुणी आणि पेंड त्यांच्या घरात होतीच. बाभळीच्या शेंगा वेचणं, पाणी, घालणं-पाजणं पंचफुलाचं. सुरुवातीला अर्धी वाटी, मग हळूहळू वाढवायचं. काकूंनी अट घातली : रोज सकाळी शेळी माझ्या अंगणात आणायची आणि माझ्या डोळ्यांसमोर खाऊ घालायचं, नाहीतर माझी पेंड हिच्या कोंबड्या खातील. पंचफुलाचा चेहरा उतरला, पण ती हो म्हणाली. मी जाता जाता पहिल्या निवडीचंही काढून बघितलं. म्हटलं, खुराकात दोघींचा हात आहे, तर निवडीचाही विचार करा. काकू उठत म्हणाल्या, "पिल्लं तं होऊ द्या. बघू." हा विषय संपवण्याचा सूर होता आणि मलाही तो कळला.

पुढच्या फेऱ्यांना पाहिलं तर चांदणीची पाठ भरत चालली होती. केस चमकायला लागले होते. आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी पंचफुला काकूंच्या अंगणाच्या कडेला उभी राहून बोलायची. आता शेळी खाईपर्यंत तिला थांबावं लागे, आणि रोज उभं कोण राहणार? ती पायरीपाशी बसायला लागली. मग एक दिवस चहा आला. मग रोज यायला लागला. शेळीचं खाणं संपलं तरी दोघींचं बोलणं संपेना, अशी वेळ आली. सुना मला हसून सांगायच्या की सासूबाई आमच्याशी एवढं बोलत नाहीत.

आणि मग येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगते : वेळा अमावस्या हा आमच्या लातूरकडचा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आणि मग जेवायचं. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं आवर्जून बोलवायचं, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारायची. साल कोरडं असो की ओलं, येळवस चुकत नाही. त्या वर्षी काकूंनी पंचफुलाच्या घराला बोलावलं. पंचफुला गाभण शेळी एकटी कशी सोडणार? ती चांदणीला बरोबर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. शेळी उठत नाही, दात खाते आहे.

मी पोचले तेव्हा चांदणी पंचफुलाच्या दारात आडवी होती. डावी कूस फुगलेली, मळलेल्या कणकेसारखी; बोट दाबलं की खड्डा राहत होता. संडास पातळ आणि आंबूस वासाची. पोटात धान्य आंबलं होतं. शेळीचं पोट पाल्यासाठी आहे. त्यात शिजवलेलं धान्य एकदम गेलं की आत आंबट होऊन जनावर बसतं. मी विचारलं, काय घातलं? काकू आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी पंचफुलाकडे बोट दाखवलं, पंचफुलानं त्यांच्याकडे. मग एकेक बाहेर पडायला लागलं. काकूंनी कौतुकानं खिरीची वाटी पुढं केली होती. दोन्ही सुनांनी उंडे दिले होते. पंचफुलानं आपल्या पानातली आंबील पाजली होती. शेजारच्या शेतातल्या बायाही ताट घेऊन आल्या होत्या. गाभण आहे, डोहाळे असतील, खाऊ द्या. जिला काल-परवापर्यंत कोणी मूठभर चुणी देत नव्हतं, तिला सगळ्या शिवारानं जेवू घातलं होतं. मी कपाळाला हात लावला.

डॉक्टरांना फोन केला. येळवसीला सगळा जिल्हा शेतात जातो, तेही आदल्या दिवशी आपल्या गावी गेले होते आणि परत यायला त्यांना दुपार होणार होती. त्यांनी काय करायचं ते सांगितलं, पण आवाजात काळजी होती. अडचण अशी की खाऊ घालावं तर पोट बिघडलेलं, आणि उपाशी ठेवावं तर पोटातली पिल्लं आईच्या अंगातलं ओढून घेणार आणि ती त्यानंच जाणार. दोन्हीकडून वेळ थोडा होता.

खायचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा पाजला. मग रवंथाची गरज होती. चांगल्या शेळीच्या तोंडातला रवंथ आजारी शेळीला चारला की पोट पुन्हा चालू व्हायला मदत होते. पण रवंथ करणाऱ्या शेळीच्या तोंडात बोट घालून तो काढायचा म्हणजे खायचं काम नाही. शेजारणीचा एक बोकड निवांत बसून चघळत होता. मी, पंचफुला आणि सत्तरी गाठलेल्या शांताकाकू, तिघी त्याच्या मागं धावलो. तो गिळून मोकळा व्हायचा आणि आमच्याकडे बघायचा. शेवटी काकूंनी त्याला शिंगांना धरून भिंतीशी दाबला, पंचफुलानं जबडा उघडला आणि मी घास काढला. सगळी आळी बघायला जमली होती. काकूंच्या पदराचं त्या वेळी कुणालाच भान नव्हतं, काकूंनाही नव्हतं.

काकू चांदणीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. पंचफुला शेळीचे पाय चोळत होती. शेळी गेली तर तिच्या दारात गेली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मग तिनं हळू विचारलं,

"बाई, पिल्लं जित्ती हायत का?"

मी उजव्या कुशीला तळहात लावून बसले. डावीकडे पोट, उजवीकडे पिल्लं. बराच वेळ काही नाही. मग आतून एक टोला बसला, स्पष्ट.

"आहेत," मी म्हटलं.

"दोनी बी?"

"एक कळलं."

ती उठून आत गेली. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी सलाईन लावलं. घरी निघताना मी सांगितलं की आता फक्त वाळलं तुरीचं भुसकट पुढं ठेवा, दुसरं काही नाही, आणि कोणी काही घेऊन आलं तर हाकलून द्या. त्यावर काकू म्हणाल्या, कोण येतंय ते बघतेच. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा चांदणी उभी होती आणि तोंड हलवत होती. रवंथ करणारी शेळी याहून सुंदर दृश्य मी नोकरीत पाहिलं नाही. कोणाला हसायचं असेल तर हसा.

संक्रांत झाल्यावर निरोप आला की व्याली. अडली नाही. मी वजनकाटा घेऊन गेले. दोन पिल्लं होती, दोन्ही पाटी, दोन्ही काळ्या, दोन्ही आईला ढुशा देत होत्या. काकू निवडायला बसल्या. त्यांनी एक उचलली, पाय पाहिले, तोंड पाहिलं, खाली ठेवली. दुसरी उचलली. पुन्हा पहिली. मग मला म्हणाल्या, काटा लावा. झोळीत घालून एकेक टांगली. काटा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला. काकूंनी पुन्हा टांगायला लावलं. पुन्हा तेच. पंचफुला खुंट्यापाशी उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. इतकी वर्षं तिनं ही निवड पाहिली होती, आणि उरेल ते उचलायची तिला सवय होती.

काकू दोन्ही पाटींना मांडीवर घेऊन बसल्या. मग वैतागून म्हणाल्या, "ह्यात काय वेचावं मान्सानं? पंचफुले, तू घे आदी."

पंचफुला हलेना. काकूंना पुन्हा सांगावं लागलं. मग ती पुढं आली आणि नीट न बघताच हाताजवळची पाट उचलून तिनं छातीशी धरली. मला रडू आलं. काटा पिशवीत भरायचा आहे असं दाखवून मी पाठ फिरवली.

हे झालं. आता मी नांदेडला विष्णुपुरीकडे राहते. गेल्या वर्षी त्या बाजूला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून पंचफुलाकडे गेले. शांताकाकू थकल्या आहेत, पण पंचफुला रोज सकाळी त्यांच्या पायरीवर चहाला जातेच. त्या पाटीचा आता कळप झाला आहे. मजुरी सुटलेली नाही, पण दारात चार खुंटे तिच्या शेळ्यांचे आहेत. त्यातली एक तिनं वरच्या आळीतल्या एका बाईला अर्धलीनं राखायला दिली आहे, हे तिनं मोठ्या ऐटीत सांगितलं.

मी विचारलं, पहिली निवड कोणाची?

"मालकिनीची," ती म्हणाली. "रीत हाय ती."

मला जे वाटलं ते मी तोंडावर बोलले. म्हटलं, अगं, तूसुद्धा? ती चिडली नाही. तिनं कोपऱ्यातला चुणीचा डबा उघडून दाखवला. खुराक तिचा असतो. ती बाई रोज शेळी घेऊन येते, हिच्या अंगणात खाऊ घालते आणि चहा पिऊन जाते. "पिल्लं सारकीच निगत्यात बाई आता," ती म्हणाली. "मंग आदी कुनी बी घेतलं तं का फरक पडतो?"

"फरक पडत नाही ना? मग तिलाच घेऊ दे आधी."

राखायला दिलेली शेळी तेव्हा गाभण होती आणि राखणारी नुकतीच तिला घेऊन पंचफुलाच्या अंगणात आली होती. पंचफुलानं वाटी भरून तिच्या हातात दिली, शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, मणके लागतात का ते पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पिल्लं तं होऊ द्या. बघू."

हे शब्द मी एकदा शांताकाकूंच्या अंगणात ऐकले होते. चहा आला, तो तिघींनी घेतला.